माळावरचे बारा पो

पनवेलच्या कॉलेजात शेणकिड्यांचा अभ्यास करणारी पूर्वी म्हणाली, "काका, तुमच्या गाईंच्या शेणाचे बारा पो मला माळावर मांडायचेत," तेव्हा नेऱ्याच्या भगवान पाटलांना ती चेष्टाच वाटली. शेण मांडून कोण बसतं? पण पहिल्या सकाळी ते सहज तिच्याशेजारी उकिडवे बसले, ते दिवेलागणीपर्यंत उठलेच नाहीत.

शेणाची वाफ जिरायच्या आत तांदळाएवढे किडे येऊन आतच घर करून राहिले. ऊन तापलं तसे गोळेवाले किडे आले आणि गोळी वळून मागच्या पायांनी ढकलत लांब घेऊन गेले. सांज होता होता शिंगवाले किडे उतरले. त्यांनी पोच्या खालीच बीळ खणून शेण आत ओढलं.

"भांडत नाय का ही?"

"भांडतात की. पण ज्याची त्याची वेळ वेगळी, जागा वेगळी. म्हणून सगळ्यांना पुरतं."

आठ दिवसांत पोचा नुसता भुसा उरला. साठ वर्षं शेणात वावरलेल्या भगवानांनी हे कधी पाहिलंच नव्हतं.

गणपतीनंतर पूर्वीने नवे बारा पो मांडले. किडे आले. तीन आठवड्यांनी गोठ्यात कामाला येणाऱ्या जिजाने कुदळीने खालची माती उकरली. शिंगवाल्यांनी अंडी घालून पुरलेल्या सुपारीएवढ्या शेणाच्या गोळ्या निघाल्या. पूर्वीने एक फोडली. आत अळी काळी पडून आक्रसलेली. दुसरी फोडली, तीच गत. चाळीस गोळ्या फोडल्या, एकही जिवंत नाही.

पूर्वीचा चेहरा उतरला. "काका, गाईंना काही औषध दिलंत?"

"जंताचं इंजेक्शन. गणपतीच्या आधी."

"ते शेणात उतरतं, काका."

जिजा हळूच म्हणाली, "म्हनूनच माळावरचं शेण हाय तसंच पडलंय. खालचं गवत पन पिवळं झालंय."

भगवानांनी वर पाहिलं. माळभर वाळके पो पडले होते. इतके दिवस रोज तिथूनच ते जात-येत होते.

तडक ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

"हो, किडे मरतात," डॉक्टर फाईलमधून मान वर न काढता म्हणाले. "उन्हाळ्यात टोचावं, तेव्हा किडे नसतात. नंतर काही दिवस गुरं गोठ्यातच बांधावीत."

"तुमाला म्हायती व्हतं?"

"होतं की. आजवर कुणी विचारलंच नाही."

भगवान उठले. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवरच बसले.