घडवंचीने पाहिलेला अंगठा

ही गोष्ट घडली सन १९८६ मध्ये, आणि तेव्हाही मी म्हातारीच होते. मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. उंच फळीवरची वस्तू काढायला माणसे ज्या लाकडी पायऱ्यांवर चढतात, तीच मी.

एका मोडीत निघालेल्या दरवाज्याच्या लाकडातून सुताराने मला घडवले. शेवटचा खिळा ठोकून तो म्हणाला, "ही तीन पिढ्यांना वर चढवील." मग माझी रवानगी सरकारी दप्तरखान्यात झाली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर जन्ममृत्यूची जाडजूड बाडे. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मला रोज पुसत, तेल लावत. पुढे छप्पर गळू लागले, माझा एक पाय कुजून आखूड झाला आणि मी डगमगू लागले. मग मला कोपऱ्यात ढकलून माझ्यावर छत्र्या टांगू लागले. गरज सरो, वैद्य मरो!

तिथला कारकून कुणीही आले की म्हणे, "पुढल्या सोमवारी या." त्यामुळे सगळे त्याला पाठीमागे 'सोमवारकाका' म्हणत.

त्या वर्षी एक परिचारिका सोमवारांना पुरून उरली. तिला तिच्या आजीची आई शोधायची होती. ती पणजी सुईण होती. आजी सहा वर्षांची असताना सुईणबाई एका सकाळी बोलावणे आले म्हणून बाहेर पडली. दारातून म्हणाली, "जेवून घे हं, मी आलेच." ती परत आलीच नाही. बाप आधीच वारला होता. पोरीला आत्याने वाढवले. 'आईने टाकलेली पोर' हे बिरुद मात्र जन्माचे चिकटले. सत्तरीतसुद्धा जाऊबाई भांडणात तेच काढत. आजीला मरण्याआधी एवढेच जाणून घ्यायचे होते, की आईने खरेच आपल्याला टाकले का?

परिचारिकेने आजीच्या माहेरगावची मृत्यूंची बाडे उलथीपालथी केली. पणजी कुठेच नव्हती.

"नाही म्हणजे नाही," सोमवारकाका म्हणाले. "मेल्याची नोंद नाही, तर गेली असेल कुणाबरोबर."

"काका, तुमच्या आईबद्दल असं कुणी बोललं तर?"

काका चष्मा पुसत बसले.

ती जाऊ लागली आणि दारातच थबकली. "काका, मूल घरी जन्मलं की कचेरीत कळवायचं कोण?"

"सुईणच. शेवटच्या रकान्यात अंगठा उठवायची."

"मग मी तिला मेलेल्यांत कशाला शोधतेय?"

दुसऱ्या दिवशी ती आजीलाच घेऊन आली. खुर्ची नव्हती, म्हणून आजी माझ्या खालच्या पायरीवर टेकली. आईचा अंगठा तिला पक्का आठवत होता. लहानपणी विळ्याने कापल्याचा तिरका व्रण होता त्यावर. रात्री तोच अंगठा मुठीत धरून ती झोपायची.

जन्मांची बाडे उघडली आणि मित्रांनो, पानापानावर तो अंगठा उमटलेला होता! शाईच्या ठशात मधोमध तिरकी पांढरी रेघ. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, जुळी. सगळ्यांची खबर तिनेच आणलेली. पण आई गेली त्या पावसाळ्यापासून रेघेचा अंगठा नाहीसा झाला.

"संपलं," काका हळूच म्हणाले.

"बोलावणं नदीपलीकडूनही आलं असेल. तिथल्या गावाची बाडं कुठंयत?" नातीने विचारले.

"अगदी वर. तिथवर कोण चढणार? ही घडवंची लंगडी आहे."

"मी धरते," आजी म्हणाली. "चढ तू. पडलीस तर माझ्यावर पड, म्हणजे आणखी एक नोंद होईल."

आजीने माझे दोन्ही पाय घट्ट धरले. नात माझ्या माथ्यावर उभी राहिली. माझी फळी करकरली. मी मनात म्हटले, आज मोडायचे नाही.

धुळीने माखलेली दोन बाडे खाली आली. पहिल्यात त्याच पावसाळ्यातली बाळे होती, आणि शेवटच्या रकान्यात तिरक्या रेघेचा अंगठा. दुसऱ्यात मृत्यू होते. त्या गावात तापाची साथ आलेली. रांगेने नावे, आणि त्यांत एक ओळ. नातीने ती मोठ्याने वाचली : "बाई, धंदा सुईण, नदीअलीकडून बाळंतपणासाठी आलेली. कारण ताप. पूर आल्याने होडी बंद, घरी कळवता आले नाही."

आजीने पहिले बाड पुन्हा ओढून घेतले आणि त्या ठशावर आपला अंगठा अलगद टेकवला.

"म्हणाली होती ना, आलेच म्हणून," ती म्हणाली. "आली बघ."

ती आजी पुढे तीन वर्षे जगली. जाऊबाईंनी टोमणे कायमचे गिळले. इतकेच नव्हे, तर एकदा आजीबरोबर होडीत बसून पलीकडचे गावही पाहून आल्या. सोमवारकाका निवृत्त झाले, पण त्याआधी नदीपलीकडची सगळी बाडे त्यांनी हाताच्या उंचीवर आणून ठेवली. नात मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका झाली. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची खबर ती स्वतः तपासून पाठवते.

मी आता कचेरीच्या ओसरीवर आहे. माझ्यावर झाडांच्या कुंड्या असतात. मित्रांनो, घरी गेलात की आजीला तिच्या आईबद्दल विचारा. हात कसे होते, काय म्हणून घराबाहेर पडायची, सगळे विचारा. आणि विसरण्याआधी कुठेतरी टिपून ठेवा. घरात एखादी लंगडी घडवंची असेल, तर तिला जळणात घालू नका.

त्या दिवशी जाताना नातीने चांभाराला बोलावून माझ्या आखूड पायाखाली चामड्याचा तुकडा ठोकून घेतला. तेव्हापासून मी डगमगलेले नाही.