बोंब आली तर जिवंत

मी या हॉस्पिटलात रिपोर्ट विभाग सांभाळते आणि माझी धाकटी जाऊ इथलीच कॉम्प्युटरवाली. घरात आमचं फारसं पटत नाही. पण त्या दिवशी तिनं जे केलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वॉर्डात रिपोर्ट पोचवणारा सर्व्हर मेला होता. नवा बसवायला घेतला की तो अडून बसायचा. म्हणे, हे काम आधीच दुसरा सर्व्हर करतोय. करतोय कुठला, कपाळ! सगळ्या मशिनींची नि त्यांच्या खात्यांची नोंद डिरेक्टरीत असते. हिच्या आधीच्या महाशयांनी मेलेल्या सर्व्हरच्याही आधीची जुनी मशीन नुसती उपटून नेली आणि तिच्या नोंदी तशाच ठेवल्या. हॉस्पिटलच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, आज संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला आणि हिची नोकरी गेली.

"जुन्या मशीनच्या नावाचं सगळं एकदम उडव की," मी म्हटलं.

"नको ताई. आधी एकेक नोंद नुसती बंद करते. कुणाची बोंब आली तर ती नोंद जिवंत. नाही आली तर पुसून टाकायची."

मग मी प्रत्येक वॉर्डात काही अडलंय का, असं विचारत फिरले. पायांचे तुकडे पडले, पण कुणाचंच काही अडलं नव्हतं. संध्याकाळ होत आली तसे साहेब कंपनीच्या माणसाला घेऊन दारात उभे राहिले. हातात कराराचे कागद.

"कुणी ओरडलं नाही ना? मग पुसून मोकळ्या व्हा."

हिचा हात एका नोंदीवर थांबला होता. "हे खातं कशाचं आहे ते कळत नाहीये. फक्त संकटातच ओरडणारं असलं तर?"

असं इथं काय असेल याचा तिनं क्षणभर विचार केला आणि मला ओढत रक्तपेढीत नेलं. तिथल्या बाईंना विचारून तिनं फ्रिजमधला तापमान मोजणारा सेन्सर बाहेर काढला आणि मुठीत धरला. आकडा चढत गेला. बाईंच्या फोनवर इशारा यायला हवा होता, पण फोन गप्पच. हिनं वर जाऊन ती नोंद पुन्हा चालू केली, खाली येऊन सेन्सर पुन्हा मुठीत धरला आणि फोन वाजला. बाईंनी सेन्सर तिच्या हातून घेऊन स्वतः फ्रिजमध्ये ठेवला.

फ्रिजचा प्रकार साहेबांना सांगून ती एक नोंद हिनं नव्या जागी हलवली, बाकीच्या पुसल्या. सर्व्हर मुकाट्यानं सुरू झाला, पण तोवर बाहेर अंधार पडला होता. साहेबांनी दिलेली मुदत टळली होती.

साहेबांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला किती वेळ लागला असता?"

तो जरा घुटमळला. "आम्ही दुपारीच संपवलं असतं साहेब. सरसकट पुसून. फ्रिजचं आमच्या लक्षातही आलं नसतं."

साहेबांनी करार घडी करून खिशात घातला आणि हिला म्हणाले, "घरी जा आता."

हिचा चेहरा पडला. "उद्या येऊ ना?"

"न येऊन कसं चालेल बाई?" साहेब म्हणाले.