मांटासाठी राखलेली फ्रेम

आमच्या की लार्गो बेटावर रविवारी नवरे गाड्या धुतात. माझा नवरा ऑर्विल पाण्याखालच्या कॅमेऱ्याची रबरी रिंग धुतो. स्वयंपाकघरातलं टेबल अडवून, बोटाच्या टोकावर जरासं ग्रीस घेऊन तिला असा गोंजारतो की मला हेवा वाटावा. मांजर बाहेर, पंखा बंद. रिंगवर एक केस जरी राहिला तरी कॅमेऱ्यात समुद्र शिरतो, म्हणून मला शिंकायलाही बंदी.

एवढ्या वर्षांत पाण्याखाली दिसेल त्या माशाचा फोटो त्याने काढला, माझा एकही नाही. आता डॉक्टरांनी कानांमुळे माझ्या बुड्या बंद केल्या. शनिवारची एक शेवटची, असं ठरलं.

"मला माझा एक फोटो हवाय," मी बजावलं.

"काढतो ना, मॅक्सीन."

"तू काढतो म्हणालास की खेकड्याचा फोटो येतो!"

पाण्याखाली रोल बदलता येत नाही. आणि रोल संपला की हमखास मोठा मासा येतो, अशी इथल्या सगळ्यांची खात्री. म्हणून शेवटची फ्रेम राखायची. ऑर्विल ती मांटासाठी राखतो. पंख पसरले की आमच्या बोटीएवढा होणारा तो मासा कधी आलाच नाही. दर वेळी ती फ्रेम कोरीच धुवायला जाते.

शनिवारी खाली गेल्यावर त्याने पोपटमासे टिपले, शेवंडाच्या मिशा टिपल्या. मी स्वतःकडे बोट दाखवलं की तो हाताने 'थांब' म्हणायचा. शेवटी त्याने कॅमेऱ्यावरचा आकडा दाखवला. एकच फ्रेम उरली होती. माझं डोकं फिरलं. रडूही आलं, आणि मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत. मी पाठ फिरवून वर निघाले.

त्याने माझ्या पायातली फिन धरली. वळले तर कॅमेरा माझ्यावर रोखलेला. मी दोन्ही हात पसरून 'मांटा?' विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि बटण दाबलं.

आणि थोड्या वेळाने मांटा आला! आमच्या डोक्यावरून, अगदी सावकाश. ऑर्विलने कॅमेरा उचललाही नाही. माझा हात धरून बघत राहिला.

बोटीवर कॅप्टन टेरेलने कॅमेरा गोड्या पाण्याच्या टबात बुडवला. "मांटा वरूनही दिसला! मिळाला ना फोटो?"

"रोल संपला होता."

"काय रे म्हाताऱ्या! राखलेली फ्रेम कुठे वाया घालवलीस?"

ऑर्विलने माझ्याकडे बोट केलं. "वाया नाही गेली," तो म्हणाला.