एकशे ब्याऐंशी ग्रॅम

रंजनाने वाटी काट्यावर ठेवली. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर चिमूटभर मीठ. आकडा हलत हलत थांबला.

“दोनशे दहा,” ती मोठ्यांदा म्हणाली आणि वहीत लिहिलं. मग पलंगाशी स्टूल ओढून तिने पहिला घास आत्याबाईंच्या तोंडाशी नेला.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, पद्मावतीबाई. वय अठ्ठ्याण्णव. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी आपल्या हाताने जेवणं सोडलं. दुसऱ्या कुणाचा हात मात्र चालेना. मुलाने भरवायला घेतलं की ओठ घट्ट मिटायच्या, नातसून आली की सरळ थुंकायच्या. फक्त रंजना. तिचा हात त्यांना डोळे मिटूनही कळायचा.

घास संपले. वाटी परत काट्यावर गेली.

“उरले अठ्ठावीस.”

“मग पोटात किती गेलं?”

“एकशे ब्याऐंशी, आत्याबाई.”

“कालच्यापेक्षा?”

“चार जास्ती.”

“हं,” आत्याबाई समाधानाने म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. येणारेजाणारे त्यांना बहिऱ्या समजत. बहिऱ्या कसल्या! हवं तेवढं त्यांना नेमकं ऐकू यायचं.

हे मोजमाप वर्षभर चाललं होतं. माणूस म्हातारा का होतो, आणि काही माणसं इतक्या उशिरा का होतात, हे शहरातल्या एका संस्थेला रक्तात शोधायचं होतं. त्यासाठी त्यांना दीर्घायुषी घराणी हवी होती. एकनाथरावांनी, म्हणजे रंजनाच्या नवऱ्याने, पेपरात वाचलं आणि आपणहून फोन केला. का नाही करणार? त्यांचे वडील चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले, तेही शिडीवरून पडून. ते स्वतः शहात्तरचे, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, रोज पहाटे मलकपेठच्या रेसकोर्सला फेरी. “आमच्यात नव्वदीच्या आत जायची पद्धतच नाही,” असं ते पाहुण्यांना सांगत, जणू ते त्यांचं कर्तृत्वच होतं.

रंजनाचं त्यात काय काम? तर तिचंच काम मोठं, असं शर्वरी म्हणाली होती. शर्वरी त्या संस्थेतली, पुण्याची, तिशीतली मुलगी. पहिल्याच दिवशी तिने रंजनाकडे बघून एकनाथरावांना विचारलं होतं, “या तुमच्या मोठ्या बहीण का?” एकनाथराव हसून हसून बेजार झाले होते. रंजना त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. शर्वरीने जीभ चावली, मग नीट समजावून सांगितलं. एकच घर, एकच चूल, एकच पाणी, पण रक्त वेगळं. तुलनेला असं माणूस लागतं, काकू. तुम्ही नसाल तर यांच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

“म्हणजे मी तराजूतलं वजन,” रंजना म्हणाली होती.

आणि वजनाने तराजू सोडून जायचं नसतं. बीदरच्या पलीकडे भालकीला तिची धाकटी बहीण भामा एकटी होती. नवरा गेलेला, लेकरू नाही, आणि मागच्या वर्षी छातीत कळ येऊन आठ दिवस दवाखान्यात पडलेली. लग्नं झाल्यापासून दोघींचं एका खोलीत दोन रात्रींच्या वर झोपणं झालं नव्हतं. भामा फोनवर म्हणायची, “ये की गं एक महिना. शेतात हुरडा आलाय. मी गेल्यावर येणार आहेस का?” रंजना दर वेळी विषय काढायची आणि एकनाथराव दर वेळी म्हणायचे, “अभ्यास चालू आहे ना. घरात काही बदल नको, असा नियम आहे त्यांचा.” नियमापुढे काय बोलणार? वर्ष गेलं. तिचा मुलगा हैदराबादेतच, कुकटपल्लीला राहायचा, रविवारी यायचा. तोही म्हणायचा, “आई, अजून थोडे महिने.”

त्या दिवशी अकरा वाजता शर्वरी आली. अभ्यासाचा दुसरा टप्पा सुरू व्हायचा होता, पाच वर्षांचा. पाच, हे ऐकून रंजनाने हातातला चहाचा ट्रे टेबलावर जरा जोरात ठेवला.

“आधी निकाल सांगा,” एकनाथराव खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. “रक्तावरून खरं वय निघतं म्हणे.”

“काका, तो अंदाज असतो. पेशींवरच्या खुणा मोजून काढलेला. गटासाठी उपयोगी, एकट्या माणसाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही.”

“भविष्य कुणाला पाहिजे? वय सांगा.”

शर्वरीने नाइलाजाने कागद काढला. “आजींचं सत्त्याऐंशीच्या आसपास येतंय. तुमचं चौसष्ट.”

“चौसष्ट!” एकनाथरावांनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंस का गं? म्हणजे मी तुझ्याहून लहान झालो की!”

“आणि माझं?” रंजनाने विचारलं.

“काकू, यात पाचसहा वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात.”

“सांग तर.”

“एक्याऐंशी.”

पलंगावर आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

“असणारच,” एकनाथराव म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. “हिच्या माहेरचे सगळे असेच, साठीसत्तरीत आटोपणारे.”

बहात्तर आणि एक्याऐंशी. मधली नऊ वर्षं कुठं गेली हे सांगायला रक्त कशाला काढायला हवं होतं? तिला विचारलं असतं तर तिने बसल्या जागी सांगितलं असतं. तिला रडू आलं नाही. संताप आला, इतका की तिने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि ती ओढत राहिली.

शर्वरीने घाईने दुसरे कागद काढले. मागच्या वेळी संमतीचा कागद इंग्रजीत होता. एकनाथरावांनी तो वाचला आणि पेन्सिलीने फुली केली तिथे रंजनाने सही केली. आता संस्थेच्या समितीने बजावलं होतं की ज्याच्या त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. म्हणून शर्वरीने मराठीतून करून आणला होता. लग्न होऊन हैदराबादेत येऊन रंजनाला त्रेपन्न वर्षं झाली. रेशनचे, बँकेचे, दवाखान्याचे कागद आले ते तेलुगूत, इंग्रजीत, नाहीतर उर्दूत. सहीसाठी मराठी कागद तिच्यापुढे कुणी ठेवलाच नव्हता.

“वाचायचं काय त्यात?” एकनाथराव म्हणाले. “हौ म्हण आणि सही कर.”

“वाचावं लागतं, काका,” शर्वरी म्हणाली आणि वाचायला लागली. रक्त किती घेणार, दंडाला कसली पट्टी लावणार, मनगटावर कसलं घड्याळ. रंजना गाठ ओढत ऐकत होती. मग शर्वरी तिसऱ्या पानावर आली.

“‘या अभ्यासात राहणं पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे. तुम्ही केव्हाही, कोणतंही कारण न देता, यातून बाहेर पडू शकता. त्याबद्दल तुम्हाला कुणीही दोष देणार नाही.’”

रंजनाचे हात थांबले.

“परत वाच.”

शर्वरीने परत वाचलं.

“कारण नाही द्यायचं?”

“नाही.”

“कुणाला विचारायचं?”

“कुणालाच नाही, काकू. फक्त मला सांगायचं.”

“आणि घरात बदल नको, मी कुठं जायचं नाही, ते कितव्या पानावर आहे?”

शर्वरी गोंधळली. तिने पानं मागेपुढे केली. “असं कुठंच नाही. तुम्ही हवं तिथे जाऊ शकता. वहीत तारीख टाकायची, बस.”

रंजनाने नवऱ्याकडे पाहिलं. एकनाथराव चष्मा काढून पुसायला लागले होते.

“मग मला बाहेर पडायचंय,” ती म्हणाली.

“काकू, गावाला जायचं असेल तर अभ्यासात राहूनही...”

“ऐकलं मी ते. मला बाहेर पडायचंय.”

“अगं, काय बोलायलीस?” एकनाथरावांनी चष्मा तसाच हातात धरला. “पाच वर्षांचं काम आहे. आपल्या घराण्याचं नाव होणार आहे. कामून बाहेर पडायचं? कारण काय?”

“कारण द्यावं लागत नाही.”

शर्वरीचा चेहरा पडला. वर्षाची मेहनत होती तिची, आणि रंजना नसेल तर हे घरच अभ्यासातून बाद. पण पोरगी शहाणी. तिने का म्हणून विचारलं नाही. कागद काढला, रंजनाची सही घेतली, वही मागितली. स्वयंपाकघरातला काटा पुसून पिशवीत घातला. जाताना दारात ती नुसती रंजनाच्या पाया पडली.

दार लागलं तसे एकनाथराव हळू आवाजात म्हणाले, “आणि आई? ती तुझ्याशिवाय घास घेत नाही. तू तिकडं, इकडं तिचं काही झालं तर?”

अभ्यास हे नुसतं वरचं कुलूप होतं, आतली कडी ही होती. ती कुणी घातली होती तेही आता आठवत नव्हतं.

पुढचे दोन दिवस तिने नवऱ्याला शिकवलं. भाकरी किती भिजवायची, चमचा डाव्या गालाकडून कसा न्यायचा, मध्ये पाणी केव्हा. एकनाथराव घामाघूम होत. आत्याबाई ओठ मिटून भिंतीकडे बघत. शेवटी दोन्ही वेळा रंजनानेच भरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ती पाया पडायला वाकली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, आशीर्वादाचा शब्दसुद्धा काढला नाही. ती तशीच निघाली. इमलीबनच्या स्टँडवर बसमध्ये बसेपर्यंत आपण चांडाळीण आहोत असंच तिला वाटत होतं.

जहिराबादला बस थांबली. लोक चहाला उतरले. तेवढ्यात फोन वाजला.

“अकराला वाटी घेऊन बसलोय,” एकनाथराव म्हणाले. आवाजात नाटक नव्हतं, ते खरंच घाबरले होते. “साडेअकरा झाले. तोंडच उघडत नाही गं. काय करू?”

रंजना उठून उभी राहिली. पिशवी तिने कधी खाली घेतली तिचं तिलाच कळलं नाही. समोरच हैदराबादला जाणारी बस उभी होती. त्यात बसलं तर दोन अडीच तासांत घरी. भामा काय, सवयीची होती वाट बघायला.

“आत्याबाईंना द्या फोन,” ती म्हणाली.

खरखर झाली. मग श्वास ऐकू आला.

“आत्याबाई, जेवला नाहीत?”

“जेवले की.”

“हे तर म्हणतात...”

“त्याला काय कळतंय. चौसष्टचं पोरगं ते.”

“खरं सांगा. किती खाल्लं?”



“एकशे ब्याऐंशी,” त्या ठामपणे म्हणाल्या.

काटा शर्वरीच्या पिशवीतून जाऊन तीन दिवस झाले होते.

रंजना तशीच उभी होती. त्रेपन्न वर्षांत या बाईने तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, वाईटही फारसं नाही. आता बोलायचं तर काय बोलायचं?

“आत्याबाई...”

“उतरू नकोस,” आत्याबाई म्हणाल्या, आणि फोन त्यांच्या हातातून गळून पडल्याचा आवाज आला.

लोक परत चढायला लागले होते. कंडक्टरने रंजनाला पिशवी धरून वाटेत उभी पाहिलं.

“दिगुतारा, अम्मा?” उतरताय का, असं त्याने विचारलं.

“लेदु,” ती म्हणाली. नाही.

ती खिडकीशी बसली. पिशवी वर ठेवायचं तिला सुचलं नाही. बीदर येईपर्यंत ती तिने मांडीवरच घट्ट धरून ठेवली होती.