यादीतलं नववं गाणं

इस्लामपूरची सुमैरा शाळेत गणित शिकवायची आणि महिन्याच्या शेवटी आपल्या ब्लॉगवर नव्या गाण्यांबद्दल लिहायची. कंपन्यांची गाणी नव्हेत. पोरापोरींनी घरच्या खोलीत, भिंतीला गाद्या टेकवून रेकॉर्ड केलेली. वाचणारे थोडेच होते, पण त्यांत बरेचसे स्वतः गाणारे.

या महिन्यात अकरा गाणी आली होती. साताऱ्याच्या दोघांचं गिटारवर उगाच लांबवलेलं. मिरजेच्या एका मुलानं तंबोऱ्यावर रॅप केलं होतं, ते तिला फार आवडलं. नववं कडेगावच्या क्रांतीचं. ते लागलं आणि सुमैरा ताठ बसली. आवाज खरवडून निघत होता. शेवटच्या कडव्यात तर शब्दच फुटेनात, नुसती हवा. गाण्याखाली क्रांतीनं लिहिलं होतं, 'हे शेवटचं.'

मागच्या महिन्यात क्रांतीच्याच गाण्याबद्दल सुमैरानं लिहिलं होतं, 'ओळ संपायच्या आत हिचा दम संपतो. रियाज कमी पडतोय.' आता ते वाक्य डोक्यातून जाईना. तिनं मेसेज केला. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. फोन केला, तर कुणीतरी उचलून गप्प राहिलं आणि ठेवून दिला. रुसली असेल, असं अम्मीचं मत पडलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं तिनं कडेगाव गाठलं. विचारत विचारत घर सापडलं. दार क्रांतीच्या वडिलांनी, केरबांनी उघडलं. फौजेतून निवृत्त झालेला ताठ माणूस. तिनं नाव सांगितलं.

"तूच व्हय ती लिवणारी," ते म्हणाले. "आत ये. पर तिला बोलाय लावू नगंस. गळ्याचं आपरेशन झालंय."

क्रांती खाटेवर बसली होती. तिनं मोबाईलवर लिहून दाखवलं, 'तुझं वाचून लय राग आला. मग दम का पुरत नाही बघायला डॉक्टरकडे गेले. गाठ निघाली. गाणं ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं. तुला उत्तर तीनदा लिहून पुसलं.'

काढलेली गाठ तपासायला गेली होती. रिपोर्ट गुरुवारी.

"रियाजाचं मी चुकीचं लिहिलं," सुमैरा म्हणाली. क्रांतीनं नुसती मान हलवली आणि बाकीची गाणी ऐकव, अशी खूण केली. हेडफोनचं एकेक टोक कानात घालून दोघी ऐकत बसल्या. मिरजेच्या मुलाच्या गाण्याला क्रांतीनं मांडीवर ठेका धरला.

निघताना केरबा फाटकापर्यंत आले. "रिपोर्ट येईस्तवर, बेस्तरवारपातूर कसं काढायचं, बाळ?" त्यांनी हळूच विचारलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मेसेज आला. गाठ साधी होती. आवाज पहिल्यासारखा होईल का, हे सहा महिन्यांनी कळणार होतं. सुमैरा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली; पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा मेसेज पुन्हा एकदा वाचून वर्गात गेली.

लेख त्या महिन्यात उशिरा आला. क्रांतीला विचारून सुमैरानं स्वतःची चूक पहिल्या परिच्छेदातच लिहिली.