नाथाच्या डाव्या हातातला ग्लोव्ह

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना ग्लोव्ह आहे. जुन्या वस्तूने शांतपणे आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमणार नाही. मी संतापलेलो आहे.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी माजलगावच्या एका कॉलेजात आलो आणि चार वर्षं कपाटात कॅरमबोर्डाखाली पडून राहिलो. मनिषा मॅडम खेळ शिकवायला आल्या, तेव्हा कुठे मला उजेड दिसला. त्यांनी मला नाथाच्या डाव्या हातात घातलं.

नाथा सिरसाळ्याजवळच्या मेंढपाळाचा मुलगा. लहानपणापासून गोफण फिरवून मेंढरं वळवलेली. तो चेंडू माझ्या पोटात लपवून उभा राहायचा, उजव्या हाताची बोटं आत येऊन शिवणीवर बसायची, आणि पुढच्या क्षणी समोरच्या कॅचरच्या हातात फाडकन आवाज व्हायचा. पहिल्याच वर्षी तो विद्यापीठाच्या संघात गेला. मग पुण्यातल्या एका लीगमध्ये, दुसऱ्या फळीच्या संघात. तिथे एका खोलीत सहा जण झोपायचे आणि वरणात डाळ शोधावी लागायची, पण नाथा खूश होता. दीड वर्षाने निरोप आला. पहिल्या संघाची निवड चाचणी, येत्या बुधवारी!

मॅडमचा एक नियम होता. ऐंशी चेंडू झाले की पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, थांबायचं आणि पुढचे चार दिवस खांद्याला विश्रांती द्यायची.

शनिवारी नाथा गावी आला आणि गावचे पुढारी विठ्ठलराव यांनी त्याला गाठलं. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला क्रिकेट असायचं. यंदा नाथाचं नाव झालेलं, म्हणून बेसबॉल. चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या शेजारी नाथाचा फोटो होता. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

"मालक, बुधवारी माझी चाचणी हाय," नाथा म्हणाला.

"आरं, बॉल तर टाकायचा हाय! गावासाठी येवढंबी न्हाई व्हायचं का बे?"

नाथाने मान खाली घातली. मला त्या मानेचाही राग येतो. रविवारी एका दिवसात त्याने तीन सामने टाकले. दोनशे चेंडूंनंतर मी मोजणं सोडलं. तिसऱ्या सामन्यात माझ्या पोटात येणारी बोटं शिवणीवर बसेनात. बाहेर हलगी वाजत होती आणि विठ्ठलराव हार घालून घेत होते.

संध्याकाळी नाथाचा हात वर जाईना. त्याचे वडील मुंजाजी घाबरले. मेंढराचा पाय आखडला की ते जे करतात, तेच त्यांनी लेकासाठी केलं. विळा तापवून खांद्यावर डाग दिला. "लई दुखतंय म्हनून देतो रं, बापा," म्हणत ते स्वतःच रडत होते. डाग चिघळला, ताप चढला. बुधवारी नाथा दवाखान्यात होता. खांद्याच्या आतलं सगळं फाटलंय, आता फेकणं विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. लीगने दुसरा पिचर घेतला. विठ्ठलरावांनी दुसरा फोटो लावला.

आता मी नाथाची धाकटी बहीण संगीता हिच्या हातात आहे. तीही पिचर आहे. परवा विठ्ठलराव पुन्हा दारात आले. तिची विद्यापीठाची निवड तेव्हा तीन दिवसांवर आली होती.

"मुंजाजी, पोरीला उद्या पाठवा. तीनच म्याच हायेत."

मालक आले की मुंजाजी नेहमी उठून उभे राहायचे. त्या दिवशी ते बाजेवरून हलले नाहीत.

"न्हाई पाठवत, मालक. एका लेकराचा हात आपुन दोघांनी घालवला. तुमी खेळवून, मी डागून."

विठ्ठलराव गाडीत जाऊन बसले.

मित्रांनो, माझी शिवण दोनदा उसवली. बाजारातल्या चपला शिवणाऱ्याने ती दहा मिनिटांत नीट केली. नाथाचा खांदा कुणालाच शिवता आला नाही. तेव्हा मला तेल लावू नका, पुसूही नका. तुमच्या गावच्या खेळाडूला आधी विचारा, हात दुखतोय का. आणि तो गप्प राहिला, तर त्याला घरी जाऊ द्या.