मथुराबाईंचं निजून दुकान

हर्नियाचं ऑपरेशन करून घरी आल्यापासून मथुराबाईंचं डोकं भयंकर दुखत होतं. आडवं पडलं की दुखणं गायब, उठून बसलं की डोक्यात घण. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "भूल द्यायला पाठीत सुई टोचली होती. त्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतंय. निजून राहा, भरपूर पाणी आणि कॉफी प्या."

पण इचोड्याच्या बाजारातलं भाजीचं दुकान नवऱ्याच्या हाती सोडायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी खाटच दुकानात आणवली आणि निजल्या निजल्या वांगी विकू लागल्या. गिऱ्हाईकं वाकून वाकून भाव करायची. नवरा धोंडीबा मेथी मागितली की शेपू द्यायचा. बाई ओरडायला ताडकन उठायच्या आणि डोकं धरून परत पडायच्या.

चार दिवस हेच चाललं. शेवटी धोंडीबानं त्यांना आदिलाबादला नेलं.

"हातातलं रक्त काढून पाठीत सोडू. ते गोठलं की भोक बंद होईल," डॉक्टर म्हणाले.

"माह्यं रक्त मलेच? यायचं काऊन नाई घेत?" बाईंनी धोंडीबाकडे बोट दाखवलं.

"तुमचंच लागतं."

धोंडीबाच्या जिवात जीव आला.

दोन तासांनी बाई भीतभीत उठून बसल्या. डोकं एकदम शांत! त्यांना हसूही आलं आणि रडूही.

परतीची बस अर्धी रिकामी होती.

"बस न वं, जागा हाय," धोंडीबा म्हणाला.

"निजून निजून पाठ चपटी झाली माही," बाई म्हणाल्या आणि दांडी धरून इचोड्यापर्यंत ऐटीत उभ्या राहिल्या.